डोळे सोडून सगळं बदलणारा माणूस

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. माणूस नशिबात खोट काढेल, सुनेत काढेल, सरकारात तर रोज सकाळी चहाबरोबर काढेल, पण आपल्या डोळ्यांत खोट आहे हे काही कबूल करणार नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सांगतो की पेपरवाले हल्ली बारीक छापतात, औषधाच्या बाटलीवर मुद्दाम दिसणार नाही असं लिहितात आणि घरातले बल्ब पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी मान डोलवतो आणि नंबर काढतो. वाद घालून चष्मा विकला जात नाही.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी माझ्याच भिंतीला भिंत लावून बसला होता. मधुकरराव निखाडे, मिनल फोटो स्टुडिओचे मालक. माझं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ नागपूरच्या धंतोलीतल्या एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर. वर पॅथॉलॉजी, बाजूला मेडिकल, समोर एक मोठा दवाखाना आणि त्याच्या मागे आणखी दोन. धंतोलीत अख्खा विदर्भ आजारी पडून येतो. त्यातले बरेच बरे होऊन जातात, काही होत नाहीत. मधुकररावांचा धंदा दोघांवरही चालायचा. जिवंत असलेल्यांना अर्जाला लावायला पासपोर्ट फोटो लागायचे आणि नसलेल्यांच्या घरच्यांना तेरवीला ठेवायला मोठा फोटो.

पासपोर्ट फोटोत मधुकररावांना काडीचा रस नव्हता. ते काम कॅमेरा करायचा, मशीन छापायची आणि त्यांच्या पत्नी प्रेमिलावैनी कात्रीने कापून पाकिटात भरायच्या. मधुकररावांची खरी कला तेरवीच्या फोटोत. घरचे लोक मोबाइलमध्ये कुठल्या तरी लग्नात, पंगतीत घास तोंडात असताना काढलेला फोटो घेऊन यायचे. मधुकरराव त्यातून माणूस काढायचे, बाजूच्याचा खांदा पुसायचे, घास गिळवायचे, डोळे उघडायचे. मग कोट. आयुष्यभर बंडी आणि धोतरात वावरलेल्या माणसाला मेल्यावर कोट घालायची आमच्याकडे रीत आहे. मधुकररावांच्या कॉम्प्युटरमध्ये तीन कोट होते: एक काळा, एक निळा, एक कॉफी कलरचा. त्या तीन कोटांमध्ये निम्मा जिल्हा भिंतीवर टांगलेला आहे. बायकांना कोट नसला तरी जरीचा काठ आणि गळ्यात पोत मिळायची. आणि सगळ्यांना, न मागता, रंग मिळायचा. "थोडे उजळ करून देजा," असं लोक सांगायचे, आणि नाही सांगितलं तरी मधुकरराव समजून घ्यायचे.

त्यांचा हा नमुना काउंटरच्या वर लावलेला होता: लग्नातला त्यांचा आणि प्रेमिलावैनींचा फोटो, मोठा करून, सोनेरी फ्रेममध्ये. त्यातल्या वैनी अशा काही गोऱ्या होत्या की गिऱ्हाईक त्या फोटोकडे बोट दाखवून खाली बसलेल्या खऱ्या वैनींनाच विचारायचं, "ही कोन होय, हिरोईन आहे का?" वैनी कात्री न थांबवता सांगायच्या, "असन कोनी. मालकाले विचारा." त्या सावळ्या. चांगल्या ठसठशीत सावळ्या. त्या फोटोखाली त्यांनी कितीतरी वर्षं काढली आणि एकाही गिऱ्हाइकाने त्यांना ओळखलं नाही.

आता मधुकरराव साठी ओलांडून पुढे गेले तशी त्यांच्या डोळ्यांची कुरकुर सुरू झाली. म्हणजे कुरकुर डोळ्यांची, पण तक्रार स्क्रीनची. "रवी, हे स्क्रीन म्हातारं झालं गा," ते मला म्हणाले. "रंग मेले त्याचे. धुरकट दिसून राहिलं सगळं."

मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, दिवा मारला, आणि जे दिसलं ते सांगितलं. "मधुकरराव, स्क्रीन नाही, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरून राहिला आहे. समोरच्या गल्लीत डोळ्यांचे तीन डॉक्टर आहेत. कोणाकडेही जा."

ते उठले. खरं सांगायचं तर घाबरले. त्यांचे उस्ताद होते, जुन्या काळी निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करणारे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन फसलं आणि पुढे त्यांना लाल आणि चॉकलेटी यांत फरक कळेना. ते उरलेलं आयुष्य स्टुडिओच्या दारात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना "आत जा" म्हणत राहिले. मधुकररावांनी ते स्टूल पाहिलेलं होतं. "डोळ्याले हात लावू देनार नाही," ते म्हणाले. "माझ्यापाशी दुसरं काय हाय? रंग गेला डोळ्यातून तर मी कोन?"

मी एवढंच म्हटलं की तो काळ वेगळा होता. पण माणूस एकदा घाबरला की त्याला काळ वेगळा वाटत नाही. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला फोन केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. डोळ्यांचा माणूस भिंतीपलीकडे बसलेला आणि हे निघाले सीताबर्डीला स्क्रीन आणायला.

जावई रोहित. त्यांच्या मुलीचा, मिनलचा नवरा, हुडकेश्वरला राहतो, मधुकररावांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, म्हणजे नेमकं काय करतो ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही, पण सासऱ्याच्या मते त्याला सगळं समजतं. रोहितने आणलेली पहिली स्क्रीन चकचकीत काचेची होती. इतकी चकचकीत की त्यात मागचं दार, रस्ता, रस्त्यावरची रुग्णवाहिका आणि मेडिकलसमोरची रांग सगळं दिसायचं. मधुकरराव कोणा स्वर्गवासी पाटलांच्या मिशा नीट करत असायचे आणि पाटलांच्या कपाळावरून ऑटो जायचा. "लय क्लिअर हाय," ते मला सांगायचे. क्लिअर होतीच. फक्त जे पाहायचं ते सोडून बाकी सगळं क्लिअर होतं.

मी सांगून पाहिलं की दाराकडे पाठ करून बसू नका, स्क्रीन आडवी वळवा, उजेड बाजूने येऊ द्या. टेबल हलवायचं म्हणजे कूलर हलवावा लागणार होता, आणि नागपुरात मे महिन्यात माणूस बायकोला माहेरी पाठवेल पण कूलर हलवणार नाही. तेव्हा टेबल तिथेच राहिलं आणि स्क्रीन बदलली.

दुसरी स्क्रीन मोठी आणि वाकलेली. मुलं गेम खेळतात तसली. रोहितचं म्हणणं की मोठी असली म्हणजे डोळ्यांना ताण नाही. मधुकरराव ती नाकाजवळ घेऊन बसायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहायचं तर मान फिरवावी लागे. त्यात त्यांना सगळ्यांचे खांदे वाकलेले दिसायला लागले आणि त्यांनी ते सरळ करायला सुरुवात केली. त्या महिन्यात तेरवीला बसलेल्या लोकांनी आपले काका छाती पुढे काढून उभे असलेले पाहिले. कोणी हरकत घेतली नाही. उलट एका घरच्यांनी म्हटलं की काका पोलिसात भरती व्हायचं म्हणत होते, तेवढं तरी झालं.

मग मानेचं दुखणं. त्यांच्या डोळ्यांवर माझ्याच दुकानचा प्रोग्रेसिव्ह चष्मा होता, ज्यात लांबचं वरून आणि जवळचं खालून पाहायचं असतं. स्क्रीन यांनी जुन्या अल्बमांच्या थप्पीवर चढवून ठेवलेली, कारण रोहितने कुठेतरी वाचलं होतं की स्क्रीन उंच हवी. त्यामुळे मधुकरराव हनुवटी वर, नाक आकाशात, अशा थाटात दिवसभर बसायचे. हार घालून घ्यायला थांबलेला पुढारी असाच दिसतो. मान धरली तेव्हा ते धंतोलीतल्या एका फिजिओथेरपीवाल्याकडे गेले आणि गळ्यात पट्टा घालून आले. अल्बम काढून घ्यावेत असं एवढ्या मोठ्या प्रवासात त्यांना कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं होतं, पण मी शेजारी. शेजाऱ्याचं फुकट असतं म्हणून कोणी घेत नाही.

शेवटी एका दुपारी माझंच डोकं फिरलं. मी आत गेलो, अल्बम काढून खाली ठेवले, स्क्रीन इतकी उतरवली की तिची वरची कड त्यांच्या डोळ्यांच्या जरा खालीच राहावी, हात लांब करून बोटं टेकतील एवढ्या अंतरावर सरकवली, मेनूतली अक्षरं मोठी केली. बाजूला एक कोरा कागद ठेवला आणि स्क्रीनचा उजेड त्या कागदाइतकाच होईपर्यंत कमी केला. मग त्याच अंतराचा नंबर काढून फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करून दिला. तेवढ्यात रोहितनेही तिसरी स्क्रीन आणली, चमक नसलेली, साधी, चांगली. मधुकररावांनी नवा चष्मा घातला, नव्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाह्य, मी म्हनत नव्हतो? स्क्रीनच खराब होती."

नाचता येईना अंगण वाकडे, हे आपल्याला माहीत असतं. पण अंगण सरळ करून दिलं की नाचणारा त्याचंही श्रेय अंगणाला देतो.

रोहितने जाता जाता आणखी एक सेवा केली. स्क्रीनमध्ये डोळ्यांना आराम देणारा एक प्रकार असतो, तो सुरू केला की सगळं जरा पिवळसर, ऊबदार दिसतं. रात्री वाचणाऱ्याला बरं असतं. रोहितने तो कायमचा सुरू करून दिला. "पप्पा, आता डोळे थकनार नाही," तो म्हणाला. मधुकररावांना ते दिसलंच नाही. जगच ज्याला चहात बुडवल्यासारखं दिसत होतं त्याला स्क्रीन आणखी थोडी चहात बुडाली तर काय कळणार?

आणि तिथून पुढे मधुकररावांचे मेलेले निळे पडायला लागले.

हिशोब सोपा होता. माणसाचा चेहरा त्यांना पिवळा दिसायचा, म्हणून ते पिवळा काढायचे. पिवळा काढला की निळा चढतो. त्यांच्या डोळ्यांना तो बरोबर दिसायचा. काविळीच्या डोळ्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, पण त्या डोळ्याच्या हातात ब्रश दिला तर काय होतं हे धंतोलीत पाहायला मिळालं. पासपोर्ट फोटो मशीनमधून थेट निघायचे, त्यामुळे जिवंत माणसं ठीक होती. फक्त मेलेली निळी येत होती, आणि मेलेल्यांची तक्रार करायची पद्धत नसते. घरच्यांनी तर कौतुकच केलं. "बावा किती गोरे दिसून राहिले," असं म्हणत ते फोटो कपड्यात गुंडाळून न्यायचे. गोरं आणि निळं यात फरक करायला दु:खात कोणाला सवड असते?

प्रेमिलावैनींनी एकदा सांगून पाहिलं. "अहो, हे मानूस थंडीत काकडल्यावानी दिसून राहिलं."

"तुले काय समजते त्यातलं," मधुकरराव म्हणाले. "चाळीस वर्षं रंग करून राहिलो मी."

वैनींनी कात्री उचलली. प्रत्येक नवी स्क्रीन आली की मधुकरराव ती तपासायला कॉम्प्युटरमधला आपला नमुन्याचा फोटो उघडायचे, रंग सुधारायचे आणि नवा छापून फ्रेममध्ये घालायचे. तीन स्क्रीन झाल्या आणि तीन वेळा वैनी उजळल्या. शेवटच्या फोटोतली बाई आमच्या वैनी तर नव्हतीच, ती या देशातलीही वाटत नव्हती.

मग पारशिवनीकडून तारा आली.

तारा तिशीपुढची, शेतावर राबणारी, हातात मोबाइल आणि डोळे सुजलेले. तिची आई यमुताई समोरच्याच दवाखान्यात वारली होती. श्वास लागायचा, शेवटचे काही दिवस नाकातोंडाला नळ्या होत्या. तेरवीला फोटो हवा होता. मोबाइलमध्ये एकच धड फोटो होता, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या यमुताईचा, कोणाच्या तरी पोराने घाईत काढलेला. मधुकररावांनी नेहमीसारखं मन लावून काम केलं. पऱ्हाटी काढली, मागे आकाशी पडदा टाकला, जरीचा काठ दिला, पोत घातली, कुंकू मोठं केलं. आणि रंग.

तारा फोटो न्यायला आली तेव्हा मी चहा घ्यायला तिथेच होतो. मधुकररावांनी फोटो तिच्यासमोर धरला आणि कौतुकाची वाट पाहत थांबले. ताराने तो काउंटरवर पालथा घातला.

"काकाजी, हे नाही नेत मी."

"काहून? काठ नाही आवडला का?"

"माय शेवटी अशी झाली होती," ती म्हणाली. "अशीच निळी. ओठ, नखं, सगळं. मी पाहून आली तिले. मले ते पाहायचं नाही आता भिंतीवर रोज."

मधुकरराव हसायला गेले, पण ते जमलं नाही. "बाई, गोरी दिसून राहिली तुझी माय. लोक सोताहून सांगतात गोरं करा म्हनून."

"माय काळीच होती माझी. मले माझी काळी मायच पायजे."

कूलरचं पाणी टपकत होतं ते ऐकू येत होतं. मला त्या मुलीचं इतकं वाईट वाटलं की मी चहाचा कप खाली ठेवायचा विसरलो. आणि मधुकररावांचंही वाटलं, कारण चाळीस वर्षांत त्यांच्या रंगाला कोणी पालथं घातलं नव्हतं.

ते कॉम्प्युटरकडे गेले आणि स्क्रीनला शिव्या घालायला लागले. मी मागे जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात रोहितची ती आरामाची सोय सुरू. मी ती बंद केली. स्क्रीनवरची पिवळी साय निघून गेली आणि यमुताई आणखीनच निळ्या दिसायला लागल्या, निदान मला. मधुकरराव खूश झाले. त्यांना आरोपी सापडला होता. त्यांनी तिथल्या तिथे रोहितला फोन लावला आणि जावयाला जे बोलू नये ते बोलले. मग ताराला म्हणाले, "बस बाई, दहा मिनिटात करून देतो. जावयानं घोळ केला होता."

नवा फोटो निघाला. आधीपेक्षा बरा, पण निळाच. बादलीत नीळ जरा जास्त पडलेल्या धोतरासारखा. ताराने पाहिला आणि मान हलवली.

आता मात्र स्क्रीन चांगली, चष्मा नवा, जावई निर्दोष, उजेड बरोबर. एक एक आरोपी सुटत गेला आणि खोलीत एकटे मधुकरराव उरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची खूप इच्छा होती, हे मान्य करतो, पण त्यांचा चेहरा पाहून जीभ उचलेना.

"रवी," ते हळू म्हणाले, "मले तर हे बरोबर दिसून राहिलं गा. एकदम बरोबर."

"दिसणारच," मी म्हटलं. "तोच तर आजार आहे."

ते खुर्चीत बसून राहिले. कोणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे ते दारातलं स्टूल आलं असणार. ताराला काय चाललंय ते कळेना. ती बिचारी तेरवीचा बाजार करायला निघालेली, पिशवीत तांदूळ आणि पत्रावळ्या, बसची वेळ होत आलेली. शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या काकाजी. मोबाइलवरचाच मोठा करून द्या. जसा हाय तसा."

तो फोटो जसा आहे तसा मोठा केला असता तर यमुताईच्या जागी नुसते ठिपके उरले असते. ते मधुकररावांनाही दिसत होतं.

तेव्हा प्रेमिलावैनी कात्री ठेवून उठल्या. त्यांनी ताराला विचारलं, "बाई, तुझी माय तुझ्याच रंगाची होती का वं?"

"हो मावशी. लोक म्हनत, मायचीच सावली पडली पोरीवर."

वैनींनी तिचा हात धरला आणि तिला स्क्रीनजवळ नेलं. तिचा उलटा हात यमुताईच्या गालाला लागून ठेवला. "आता पाहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एकटा रंग पाहू नका. दोन्ही सारखे हाय का, तेवढंच पाहा."

मधुकरराव आयुष्यभर सांगत आले होते की जोडून पाहणारे ते कच्चे, पक्का माणूस रंग डोळ्यात घेऊन येतो. त्यांनी एकदा वैनींकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. मग त्यांना दिसलं. एकट्या गालात जे दिसत नव्हतं ते हात बाजूला येताच दिसलं, कारण डोळा कितीही पिवळा असला तरी दोन्हींना सारखाच पिवळा असतो. हात मातीचा होता आणि गाल दुसऱ्याच कुठल्या मुलखातला. त्यांनी माऊस हातात घेतला आणि निळा काढायला लागले. थोडा, आणखी थोडा. उजळपणा उतरवला. तारा हात धरून उभी राहिली, हात भरून आला तरी हलली नाही. पोत तिने काढायला सांगितली, माय घालत नव्हती म्हणून. आकाशी पडदाही काढायला लावला. मागे पुन्हा पऱ्हाटी आली.

फोटो छापून आला तेव्हा ताराने तो दोन्ही हातांत घेतला. "हे होय," ती म्हणाली. "हे होय माझी माय." आणि मग जी रडली ती दवाखान्यात रडली नसेल. वैनींनी तिला जवळ घेतलं. मधुकरराव मशीनमध्ये कागद भरत उभे राहिले. मशीनमध्ये कागद भरलेलाच होता.

ती गेल्यावर ते माझ्या दुकानात आले आणि माझ्या खुर्चीत स्वतःहून बसले. "कोनता डॉक्टर चांगला हाय?" त्यांनी विचारलं.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला लागला असेल जेमतेम चहा होण्याइतका वेळ. मधुकररावांनी मात्र घरून निघताना असा निरोप घेतला होता की मिनल रडली आणि रोहितने माफी मागितली, कशाची ते त्यालाही माहीत नव्हतं. दोन दिवसांनी ते एका डोळ्याने दुकानात हजर. काळा गॉगल लावून. तो मात्र त्यांनी माझ्याकडून घेतला नाही, दवाखान्यात फुकट मिळाला होता.

गॉगल काढून ते काउंटरसमोर उभे राहिले. आधी ऑपरेशन झालेला डोळा झाकला, मग दुसरा झाकला. पुन्हा पहिला. एका डोळ्याला जग चहातलं, दुसऱ्याला धुतलेलं. दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी, ही म्हण लोक नवराबायकोला लावतात. इथे ती एका माणसाच्या डोळ्यांनाच लागू पडली होती. असं करता करता त्यांची नजर वर गेली, सोनेरी फ्रेमवर.

"प्रेमिला," ते म्हणाले, "हे निळं हाय."

"मले माहीत हाय," वैनी म्हणाल्या. त्या पासपोर्ट फोटो कापत होत्या.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मले वाटलं, तुमाले तशीच पायजे होती."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हिशोब सांगितल्यासारखं म्हणाल्या. मधुकरराव स्टुलावर चढले, फ्रेम उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. तिच्यामागची भिंत तेवढीच पांढरी राहिली होती, आणि ती पांढरी आहे हेही त्यांना तेव्हाच दिसलं असावं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर वैनींनी घरून, कपाटाच्या तळातून, लग्नातला मूळ फोटो आणून दिला. इतकी वर्षं त्यांनी तो कोणाला दाखवला नव्हता आणि फेकलाही नव्हता. रंग उडालेला, लालसर, कडा वाळवीने खाल्लेल्या. मधुकररावांनी तो स्कॅन करून स्क्रीनवर घेतला. स्क्रीन मी ठेवली होती तिथेच होती, वरची कड डोळ्यांच्या खाली, हाताच्या अंतरावर. आणि टेबल वळवलेलं होतं. कूलर हलला होता. नागपुरात यापेक्षा मोठी क्रांती मी पाहिलेली नाही.

मी चष्म्याचं बिल द्यायच्या निमित्ताने दारात उभा होतो. एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी आलं, त्याला मधुकरराव म्हणाले, "थांबा जरा." मग वैनींकडे वळले.

"हात दे."

"कशाले?"

"रंग पाहायचा हाय. फोटोतला उडून गेला."

वैनी थांबल्या. "आता म्हातारा झाला हात. तेव्हाचा नाही तो."

"सुरकुत्या मी काढत नाही," मधुकरराव म्हणाले. "रंग तोच हाय. आण."

वैनींनी हात पदराला पुसला आणि पुढे केला. मधुकररावांनी तो मनगटाशी धरून स्क्रीनजवळ नेला. त्या उडालेल्या, लालसर चेहऱ्याशेजारी वैनींचा हात दिसत होता, सावळा, बोटांना कात्रीचे घट्टे पडलेले. मधुकररावांचा दुसरा हात माऊसवर होता, पण माऊस हलत नव्हता. मी वाट पाहिली. गिऱ्हाइकानेही पाहिली. मधुकरराव नव्या डोळ्यांनी त्या हाताकडेच पाहत राहिले होते, जसं कोणी नवीन माणूस ओळखीचा निघावा तसं.

"अहो," वैनी म्हणाल्या, "स्क्रीन तिकडे हाय."

मधुकररावांनी मान वर केली नाही.